साठा किती असावा?

कोठारांत पडून असलेला माल म्हणजे गुंतून पडलेलें भांडवल होय. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कारखान्यांत ताइची ओनो यांनीं ह्यावर तोड काढिली: पुढील विभागाकडून मागणीची चिठ्ठी आल्यावांचून मागील विभागानें नग घडवूं नये. त्यायोगें साठा घटला आणि त्याखालीं झांकलेले दोष उघडे पडले. ठाण्याच्या वागळे इस्टेटींतील किंवा डोंबिवलीच्या लहान कारखानदारासहि ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु तिचा सारा भरंवसा वेळेवर पोंचणाऱ्या मालावर असतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत ठाणें-कल्याणकडील रस्ते व लोहमार्ग बंद पडले. अशा वेळीं एका नगावांचून सबंध कारखाना थांबतो व रोजंदारीच्या कामगाराची चूल विझते. सुगृहिणी रोजचें दूध रोज घेते, पण पावसाळ्याची बेगमी वैशाखांतच करते. कारखानदारानेंहि तोच विवेक ठेवावा.