बेशरम उपटली, मासळी परतली

बुटीबोरीच्या नाल्याकाठी जांभळट फुलांची बेशरम आपण रोज पाहतो. जनावर तिला तोंड लावत नाही. तोडून फेकलेली फांदीही चिखलात मूळ धरते. दक्षिण अमेरिकेतले हे झुडूप भंडारा-गोंदियाच्या तलावांत शिरले, तेव्हा कोणाच्या चुलीवर संक्रांत आली, हे आम्हाला वाचक बंधू-भगिनींना सांगायचे आहे.

हे तलाव आयते मिळालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांध घालून ते उभे केले. नवेगावबांध त्यांपैकीच एक. त्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पण गावोगावच्या शेकडो लहान तलावांना कोण राखणदार? १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणे मागे पडले.

शहरी माणूस उथळ पाणथळ जागेला डबके म्हणून नाक मुरडतो. आम्हाला हे निव्वळ अज्ञान वाटते. त्याच उथळ पाण्यात देवधान उगवते. पाणवनस्पतींच्या आडोशाला मासळी अंडी घालते, पिले वाढतात. माणसाएवढा उंच सारस तेथेच चरतो, आणि महाराष्ट्रात तो आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. बेशरमीने काठ व्यापला की हे सारे हटते. मग धीवराच्या जाळ्यात काय येणार? ज्याच्या नावावर शेत नाही, त्याचे तळे हेच शेत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवर समाजातील स्त्रियांनी हे दुखणे ओळखले. उन्हाळ्यात पाणी आटले की कंबर कसून त्या तलावात उतरल्या. बेशरम मुळासकट खणली, तळ नांगरला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पतींची रोपे लावली, धान रोवतात तशीच! भंडाऱ्याच्या निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे कार्यकर्ते सोबत होते. पण कोणत्या पाण्यात कोणते रोप जगते, हे ज्ञान धीवरांच्या पिढ्यांचेच. पाणवनस्पती रुजल्या, तशी गावरान मासळीही परतू लागली. मासळी विकून चार पैसे घरात आले, आणि मासेमार सोसायटीच्या कारभारात बायांनाही जागा हवी, ही मागणी पुढे आली.

आपल्या वस्तीतल्या तळ्याकाठी कोणी बेशरम काढत असेल, तर एक ध्यानात ठेवावे. नुसती कोयत्याने छाटू नये. ती दुप्पट फुटते. मुळासकट काढावी, ओल्यापासून दूर नेऊन कडक उन्हात वाळवावी आणि एकही कांडी पाण्यात पडू देऊ नये.