४६ गेजची तार

इंदापूर तालुक्यात मोटार जळणं ही काही बातमी नसते. लाईट डिम असते, थ्री फेज रात्री येते, शेतकरी झोपेतून उठून स्टार्टर दाबतो आणि पाणबुडी मोटारीची वायंडिंग बघता बघता करपते. म्हणून बावडा, अकलूज, टेंभुर्णी, इंदापूर अशा कुठल्याही बाजारपेठेत रिवायंडिंगचं दुकान सापडतंच. नीरा आणि भीमा जिथं मिळतात, त्या पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकावरच्या नरसिंहपुरात मी घरच्या पडवीत वीजवाद्यं उघडून बसायला लागलो, त्याचं मूळ या जळालेल्या मोटारींत आहे. घरी इलेक्ट्रिक गिटार खोलून बघणं हा शहरातल्या पोरांचा छंद, असं पुष्कळांना वाटतं. आमच्याकडे हे काम शेतीच्या पाण्यामागून आलं, आणि गेल्या तीसेक वर्षांचा मागोवा घेताना ते आधी सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात या भागात गिटार क्वचितच दिसायची. वरात असो की गणपतीची मिरवणूक, राज्य बेंजो पार्टीचं. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ‘तायशोगोतो’ हे वाद्य केलं. ते आपल्या देशात येऊन बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रात थेट रस्त्यावर उतरलं. लाकडी पेटी, वर पोलादी तारा, डाव्या हाताखाली कळा, उजव्या हातात नखी. घरात गोड वाजणारं हे वाद्य ढोल-ताशासमोर कुठून ऐकू येणार? म्हणून तारांखाली पिकअप आला, टेम्पोत अ‍ॅम्प्लिफायर आला, टपावर कर्णे आले. तालुक्यातल्या वीजवाद्यांच्या दुरुस्तीचा इतिहास इथून सुरू होतो.

लग्नसराईत संध्याकाळी बेंजो मास्तर दारात उभे राहायचे. “अण्णा, आवाज पार बसलाय बगा. उद्या दाट तिथ हाय, दोन सुपाऱ्या घेतल्यात.” पेटी उलटी करायची, मल्टिमीटरच्या सुया पिकअपच्या दोन टोकांना लावायच्या. आकडा आला तर रोग जॅकमध्ये किंवा व्हॉल्यूममध्ये. एक डाग देऊन मास्तर मोकळे. आकडाच आला नाही तर आतली तार तुटलेली. बहुतेक वेळा ती सुरुवातीच्या टोकाला, जिथं बाहेरची जाड तार जोडलेली असते तिथंच, घामानं आणि दमट हवेनं गंजून तुटते.

पिकअपमध्ये असतं तरी काय? एक लोहचुंबक आणि त्याभोवती इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी बारीकसा विद्युतप्रवाह उठतो. मोटारीत वीज देऊन हालचाल मिळते, इथं हालचालीतून वीज मिळते. मोटार भरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक तारेच्या जाडीचा. मोटारीची तार बोटांना कळते; पिकअपची ४६ गेजची तार असते मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढी. ट्यूबलाईटच्या उजेडात ती दिसतही नाही, काळा कागद मागं धरावा लागतो. पाचशे मोटारी भरलेला वायंडर पहिल्या दिवशी ती दहा वेळा तोडतो.

वेढे मोजायचे कसे, हा खरा प्रश्न होता. फेंडरच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये सुमारे ८,००० वेढे आणि ६ किलोओहमच्या आसपास रोध असतो. रिवायंडिंगच्या दुकानातलं हातानं फिरवायचं चाक जाड तारेसाठी ठीक, इथं त्याचा धक्का सोसत नाही. शेवटी शिलाई मशीनची मोटार कामाला आली, कारण पायाच्या पेडलवर तिचा वेग हवा तितका कमी ठेवता येतो. शाफ्टवर लाकडी चकती, चकतीवर बॉबिन, कडेला छोटं चुंबक आणि समोर रीड स्विच. स्विचच्या दोन तारा साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’ या बटणाखाली डाग देऊन जोडायच्या. १ + १ दाबून ठेवलं की चुंबक समोरून गेल्यावर दर वेळी आकडा एकानं वाढतो. वेग जास्त झाला तर कॅल्क्युलेटर आकडे गाळतो, म्हणून घाई चालत नाही. दोन बोटांत नमद्याचा तुकडा, त्यातून सरकणारी तार, डोळे बॉबिनवर. तार बोटाखाली किती ताणलेली आहे हे मोजणारं यंत्र माझ्याकडे नाही आणि त्याची उणीवही कधी भासलेली नाही.

एक गोष्ट मात्र मोटारीवरून उचलू नये. विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटारीची वायंडिंग झाली की तिला वार्निश पाजतात. तेच पिकअपला करणारे आहेत. वार्निशनं वेढे घट्ट बसतात आणि आवाज मोठा केल्यावर पिकअप शिट्टी मारत नाही, हे खरं. पण पुढं कधी तार तुटली तर एक वेढा सुटा करता येत नाही, सगळं कापून फेकावं लागतं. त्याऐवजी पॅराफिनच्या मेणात थोडं मधमाश्यांचं मेण मिसळून, भांडं गरम पाण्यात ठेवून, साधारण ६५ अंशांवर पिकअप बुडवावा. बुडबुडे थांबले की काढावा. मेण थेट आचेवर ठेवू नये, ते पेट घेतं. दुरुस्तीला पुन्हा जागा ठेवणारी दुरुस्ती मला नेहमीच मोठी वाटत आली आहे.

हे असंच काम जगात कुणी केलं याचा शोध घेतला तर ओळखीची माणसं भेटतात. लिओ फेंडर यांचं १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, आणि गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत. इंग्लंडात ब्रायन मे या शाळकरी मुलानं १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. पुढं ‘क्वीन’ बँडबरोबर तो आयुष्यभर तीच वाजवत आला. आपल्याकडे मिरजेची सतारमेकर घराणी आहेतच. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे आणून त्यांचे तुंबे करायचे, घोडी कानशीनं घासून जवारी काढायची. तिला पूर्वी सांबरशिंग लागायचं, आता उंटाचं हाड चालतं. कागदाच्या जाडीएवढा उतार चुकला तरी तंबोरा मुका होतो. गिटारचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, समपातळीत आणताना मला मिरजेचीच आठवण येते, कारण पट्टी लावून उंच फ्रेट हुडकणं, तेवढाच घासणं, पुन्हा गोल करणं, हे सगळं कानशीचं आणि कानाचं काम आहे.

२००५ नंतर स्वस्त गिटारी यायला लागल्या. ऑर्केस्ट्रा, कॉलेजची गॅदरिंग, भजनी मंडळातला एखादा हौशी मुलगा. या गिटारींचे दोष ठरलेले. मानेच्या टोकाला तारा टेकतात तो नट पोकळ प्लास्टिकचा, त्याच्या खाचा उंच. त्यामुळे पहिल्या फ्रेटवर बोट दाबलं की सूर चढतो. हाडाचा नट बसवून खाचा नीट उतरवल्या की वाद्य निम्मं सुधारतं. उरलेलं काम हवा करते. आमचा अवर्षणप्रवण पट्टा. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, मग त्यांची टोकं मानेच्या कडेनं बोटाला करकरतात. ती तेव्हाच घासावी, पावसाळ्यात नव्हे. मानेतला ट्रस रॉड फिरवायचा तर पाव आट्याहून जास्त एका वेळी नको. वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून हात घडलेली माणसं या कामाला मला सर्वांत योग्य वाटतात. मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हणजे काय ते त्यांच्या बोटांना ठाऊक असतं.

याच काळात डॉल्बीनं बेंजोला मागं ढकललं. भिंतीएवढे स्पीकर आले तसे पाच-सहा वादकांची सुपारी परवडेनाशी झाली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बेंजो पार्टीत माणसं वाजवायची.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, ती म्हणजे अर्थिंग. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती त्यामुळेच. पण भाड्याचा जनरेटर, दोन पिनची जोडणी, पावसानं ओला मांडव, अशा ठिकाणी अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर फेज उतरला तर तोच फेज तारांवर येतो. वादक गिटार धरून माइकला ओठ लावतो आणि मंडल पुरं होतं. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावर असाच गेला. त्या माइकला अर्थिंग नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मुलाला मी मल्टिमीटर एसीवर ठेवून गिटारच्या तारेपासून माइकच्या जाळीपर्यंत मोजायला शिकवतो. व्होल्ट दिसले तर वाजवायचं नाही, समोर कोण बसलंय याचा विचार करायचा नाही.

२०२० हे कोरोनाचं वर्ष सगळ्यांनाच लागलं. लग्नं बंद, मिरवणुका बंद, बेंजोच्या पेट्या माळ्यावर. ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली, भीमा-नीरेला पूर आला, आणि ओली वाद्यं यायला लागली. लोकांची पहिली धाव उन्हाकडे असते. भिजलेलं लाकूड उन्हात ठेवलं की सांधे उकलतात. तारा सैल कराव्यात, पिकअप आणि व्हॉल्यूम काढून घ्यावेत, पेटी सावलीत वाऱ्याला आडवी ठेवावी, आणि आठवडे जाऊ द्यावेत.

अलीकडे येणारी मुलं अकरावी-बारावीची, आयटीआयची असतात. एकेरी कॉइलचा पिकअप काढून तिथं हमबकर बसवायचा असतो. विजेची गुणगुण मारायला उलट दिशेच्या दोन कॉइल एकमेकांना जोडायची ही युक्ती गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये काढली. आमच्या ट्यूबलाईटच्या चोकांखाली ती फार उपयोगी पडते. मी त्यांना सांगतो, विकत आणण्याआधी दोन कॉइल स्वतः भर; हमबकरला ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम लाव, जुना २५० चा ठेवलास तर आवाज दबेल. तार पुण्याहून मागवावी लागते. गेल्या उन्हाळ्यात एकानं असा भरलेला हमबकर आजोबांच्या बेंजोत बसवला, कळांखालचा झिजलेला नमदा बदलला, आणि नृसिंह जयंतीला तो देवळाबाहेर वाजवला. त्याची दुसरी कॉइल पहिलीपेक्षा चारशे वेढ्यांनी कमी आहे. ती तो दिवाळीच्या सुट्टीत परत भरणार आहे.