प्रकरणाला नाव हवे का?

कादंबरीच्या एका भागाला मराठीत 'प्रकरण' म्हणतात. तुम्ही उर्दूत त्याला 'बाब' म्हणता. काही लेखक प्रकरणाला शीर्षक, म्हणजे उन्वान देतात. काही नुसता आकडा घालतात. यांतले काय बरे?

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत! श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. एका रात्रीचे नाव 'मुकी फुले'. फुले कधी बोलतात का, असे मनात येते आणि आपण वाचू लागतो. श्यामने उमलण्याआधीच कळ्या तोडल्या होत्या, हे मग कळते.

नझीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' (१८७४) मधील शीर्षके सरळ आहेत. कोण कोणाशी बोलणार, ते आधीच समजते. त्यांना गोष्टीतून शिकवण द्यायची होती, म्हणून तिथे ते चालते.

प्रेमचंदांच्या 'गोदान'मध्ये (१९३६) मात्र केवळ आकडे आहेत. गरीब शेतकरी होरीच्या दारात गाय येते. घर आनंदून जाते. पुढे त्या गाईला विष दिले जाते. हे शीर्षकानेच सांगून टाकले असते, तर होरीच्या आनंदात आपण मनापासून सामील झालो असतो का? तिथे मला आकडाच योग्य वाटतो.

एक अडचण मात्र राहते. आवडलेला भाग पुन्हा वाचायचा असला, तर आकडा आठवत नाही. 'मुकी फुले' अनुक्रमणिकेत चटकन सापडते.