टॅप केलं की सोडायचं!

एमएमए म्हणजे शिवीगाळ आणि तालीम म्हणजे संस्कार, असं सोपं गणित आपण मांडून ठेवलंय. पण एकदा मॅटवर आपला स्वतःचा गळा आवळला गेला की हे गणित चुकायला लागतं!

गुरुवारची संध्याकाळ. ऑफिसं सुटल्यानंतरच्या ट्रॅफिकमधून वाट काढत मी जिमला पोचले तेव्हा साडेसात वाजले होते. सात चाळीसला माझा गळा एका ग्राफिक डिझायनरच्या कोपरात अडकला होता! डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि पहिल्या दिवशी शिकवलेली एकच गोष्ट आठवली. तिच्या दंडावर दोनदा थाप मारली. टॅप, टॅप. त्याच क्षणी हात सुटला. "ओके ना?" तिनं विचारलं. पाणी प्यायलो, आणि पुन्हा सुरू.

हे आमचं एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. थोडं बॉक्सिंग, थोडं किक-बॉक्सिंग, थोडी कुस्ती आणि भरपूर जिउ-जित्सू. बॅचमध्ये सॉफ्टवेअरवाले, एक डेंटिस्ट, दोन कॉलेजची पोरं आणि मी. दुसऱ्या दिवशी मानेवरचा वळ बघून ऑफिसमधला माझा कोल्हापूरचा मित्र हसला. हा लहानपणी सहा वर्षं तालमीत राहिलेला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "अगं, पण सुरुवात कुणाच्या पाया पडून केलीस?"

कुणाच्याच नाही. ऑनलाइन फी भरली आणि सुरू केलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

पिंजऱ्यातला तमाशा

त्याचा आक्षेप तुमच्याही ओळखीचा असेल. हौद्यात उतरताना पैलवान लाल माती कपाळाला लावतो. समोरच्याशी सलामी होते, मग झोंबी. वस्तादांसमोर आवाज चढत नाही. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती माती म्हणजे जमीन नाही, देवघर! आणि तुमच्या त्या पिंजऱ्यात काय? लढतीआधी आईबापांवरून शिव्या आणि लढतीनंतर मारामारी.

उदाहरणं शोधावी लागतच नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये ब्रुकलिनमध्ये कॉनर मॅकग्रेगरनं फायटर बसलेल्या बसवर सामान वाहायची लोखंडी ट्रॉली फेकली. काचा फुटल्या, माणसं जखमी झाली. त्या बसमध्ये खबीब नूरमागोमेदोव्ह होता. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला दोघांची लढत झाली. तोवर मॅकग्रेगरनं खबीबचा देश, धर्म, वडील, काही सोडलं नव्हतं. चौथ्या राउंडला मॅकग्रेगरनं टॅप केलं. खबीब जिंकला... आणि पिंजऱ्यावरून उडी मारून मॅकग्रेगरच्या साथीदारावर तुटून पडला! पुढे खबीबला पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिने बंदी, मॅकग्रेगरला पन्नास हजार आणि सहा महिने.

यातली गंमत बघा. ट्रॅश टॉकसाठी ओळखल्या जाणाऱ्या मॅकग्रेगरनं टॅप करून हार मान्य केली. आणि आधी तोल गेला तो खबीबचा. दागिस्तानातल्या कुस्तीच्या कडक शिस्तीत, वडिलांच्याच हाताखाली घडलेल्या पोराचा! हाच खबीब वडील गेल्यावर २०२० मध्ये शेवटची लढत जिंकून, ग्लोव्ह्ज पिंजऱ्याच्या मधोमध ठेवून निवृत्त झाला. वडिलांशिवाय लढणार नाही असा आईला शब्द दिला होता म्हणून. माणूस तोच. मग त्याला कुठल्या खान्यात टाकायचं?

ज्यानं हात मोडला, त्याचं नाव

एमएमएला परंपराच नाही, हा समज तर साफ चुकीचा. थोडं मागे जाऊया. १८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. तिथला मित्सुयो मायेदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याची विद्या ग्रेसी घराण्यात गेली आणि त्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू उभं राहिलं.

१९५१ चा ऑक्टोबर. रिओच्या माराकानात एलिओ ग्रेसी विरुद्ध जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा. किमुरानं एलिओचा हात पाठीमागे पिरगळला. एलिओ टॅप करेना. हात मोडला, तरी करेना. शेवटी त्याच्याच बाजूच्या माणसांनी लढत थांबवली.

पुढे ग्रेसींनी काय करावं? जपानीत या डावाला वेगळं नाव आहे, पण त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'किमुरा'. आपल्या माणसाचा हात मोडणाऱ्याचं नाव! याच एलिओचा मुलगा रॉइस १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा जिंकला. तेव्हा वजनगटही नव्हते, सगळ्यांत धिप्पाड कोण हे बघायला लोक आले होते, आणि जिंकला एक शिडशिडीत पोरगा. आज जगातल्या जवळपास प्रत्येक एमएमए जिममध्ये कोच ओरडतो, "किमुरा लाव!" माझाही ओरडतो. हरवणाऱ्याची आठवण यापेक्षा आदरानं कशी ठेवणार?

नमस्कार केला, म्हणजे झालं?

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्युदोत वाकून अभिवादन करणं नियमातच आहे. तरी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इजिप्तच्या इस्लाम अल शहाबीनं इस्रायलच्या ओर सासनचा पुढे आलेला हात नाकारला. रेफ्रीनं परत बोलावून वाकायला लावलं, तर नुसती मान हलवली. स्टेडियमनं हुर्यो उडवली, त्याला घरी पाठवलं गेलं. नियमानं मान हलवता येते, मन नाही!

एवढं लांब तरी कशाला जायचं? फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. निर्णय पटला नाही म्हणून शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली. फायनलमध्ये महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून मैदानाबाहेर गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंच चुकले की बरोबर, यावर पुढे चिक्कार चर्चा झाली. पण माती कपाळाला लावली म्हणजे राग आपोआप विरघळतो, असं काही नाही, हे त्या रात्री सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं.

आणि २०२३ चं जंतरमंतर विसरून कसं चालेल? साक्षी मलिक, बजरंग पुनियासारखे ऑलिम्पिक पदकविजेते आपल्याच महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध, लैंगिक छळाच्या आरोपांवरून रस्त्यावर बसले होते. 'मोठ्यांपुढे बोलायचं नाही' या संस्काराची किंमत कोण मोजतं, हे विचारायची हीच वेळ होती. आदर नेहमी खालून वरच जाणार असेल, तर तो आदर की नुसता धाक?

तालमीत आहे, जिममध्ये नाही

पण म्हणून माझा मित्र चुकीचा ठरतो का? अजिबात नाही. जिममध्ये मी कस्टमर आहे. फी संपली की मेसेज येतो. दोन महिने गेले नाही तर विचारणारं कुणी नाही. तालमीत पोरगं राहतं, माती उकरतं, भांडी घासतं. त्याच्या खुराकापासून ताप आलेल्या रात्रीपर्यंत वस्तादांचं लक्ष असतं. हे मंथली पॅकेजमध्ये मिळत नाही, बॉस!

खाशाबा जाधवांचं आठवा. मातीत घडलेला हा पैलवान १९५२ मध्ये हेलसिंकीला मॅटवर लढून कांस्यपदक घेऊन आला. तिकडे जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वरून खाली आलेला आदर म्हणतात तो हा. आणि मातीतला माणूस मॅटवर गेला म्हणून माती बाटली नाही, हेही त्यातलंच.

गेल्या महिन्यात मित्रानं मला त्याच्या जुन्या तालमीत नेलं. चपला बाहेर काढल्या. आत मातीचा गार वास, मारुतीपुढे उदबत्ती, पोरांच्या जोर-बैठका चाललेल्या. मी उंबऱ्यापाशीच थांबले. अनेक जुन्या तालमींत बाईनं हौद्यात पाऊल ठेवायचं नाही, ही इथेही रीत. वस्ताद प्रेमानं बोलले, चहा पाजला. "मुली शिकतात आता, ताई. पलीकडच्या शेडमध्ये, मॅटवर." राज्यात महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली ती २०२३ मध्ये, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. दार किलकिलं झालंय. पण त्या दिवशी मी माती पाहिली, हातात घेतली नाही. मला तिचा आदर वाटतो. तिला माझा वाटायला अजून थोडा वेळ लागणार, असं दिसतंय.

त्यानं टॅप ओळखलाच नाही

मग मी त्याला जिमला आणलं. मॅटवर पाय ठेवण्याआधी तो वाकला, मॅटला हात लावून तो कपाळाला लावला. बॅचमधली पोरं बघतच राहिली. समोर एकोणीस वर्षांचा कॉलेजकुमार. दोन मिनिटांत मित्रानं त्याला खाली घेऊन हात धरला. पोरानं थाप मारली. मित्रानं सोडलं नाही! पुन्हा थाप. कोच धावला, "सोड, सोड!"

त्याला कळलंच नव्हतं. कुस्तीत टॅप नसतोच. पाठ लागली, चितपट झालं की संपलं. पोराचा खांदा दुखावला, आठवडाभर शेकावा लागला. मित्र इतका हादरला की त्या पोराच्या शेजारी मॅटवरच बसून राहिला, त्याचा हात हातात धरून. "माफ कर रे," एवढंच म्हणत होता. कोणाच्याही पाया पडताना मी त्याला इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. खरा आदर सलामीत नाही आणि टॅटूतही नाही. समोरचं शरीर तुमच्या ताब्यात असतं, एक झटका दिला तर मोडेल असं असतं, आणि तो 'बस' म्हणतो. त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही काय करता, ते खरं. माती, वस्ताद, वाकणं हे सगळं त्या अर्ध्या सेकंदाची तयारी आहे. ती तयारी झाली नसेल, तर लाल मातीही नुसती माती आणि पिंजराही नुसता पिंजरा.

ते पोरगं आता दर रविवारी मित्रासोबत धावायला जातं. मित्र दर गुरुवारी जिमला येतो. मॅटला अजूनही नमस्कार करतो. आणि सुरू करण्याआधी समोरच्याला सांगतो, "टॅप जोरात मार हं. मला ऐकू यायला पाहिजे."

ट्राय करायचंय? हे लक्षात ठेवा

* नखं कापा, अंगठ्या आणि कानातलं काढा. समोरच्याच्या कातडीचा विचार हाच पहिला नमस्कार!
* चपला मॅटच्या आणि हौद्याच्या बाहेर. दोन्हीकडे हा नियम सेम आहे.
* टॅप लवकर करा. हरणं फुकट असतं, लिगामेंट महाग पडतं.
* तुमच्यापेक्षा हलका किंवा नवखा पार्टनर असेल तर ताकद निम्मी करा.
* 'टॅप केल्यावर सोडलं नाही' अशी तक्रार कोच हसण्यावारी नेत असेल, तर दुसरी जिम बघा. तो कितीही मोठा चॅम्पियन असो!