हरवलेली पावले: स्टेपर मोटरच्या दोषांचे निदान

संगणक-नियंत्रित यंत्रावर, म्हणजेच सीएनसी यंत्रावर, कापून निघालेला भाग आराखड्यातील मापाशी जुळत नाही, तेव्हा पडद्यावरील आकडे मात्र बहुधा अचूकच दिसतात. लहान राउटर आणि कोरीवकामाची यंत्रे ज्या स्टेपर मोटरवर चालतात, ती नियंत्रकाकडून येणाऱ्या प्रत्येक विद्युत-स्पंदासरशी, म्हणजे पल्ससरशी, ठरावीक कोनातून फिरते. पण ती खरोखर तेवढी फिरली की नाही, हे नियंत्रकाला उलट कळवण्याची सोय सर्वसाधारण जोडणीत नसते. त्यामुळे दोष शोधणाऱ्याला डायल गेजवर विसंबावे लागते, आणि चूक किती आहे यापेक्षा ती कशी वाढते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रचलित मोटरच्या रोटरवर, म्हणजे फिरत्या भागावर, 50 दाते असतात आणि ती 1.8 अंशांचे एक पाऊल याप्रमाणे एका फेऱ्यात 200 पावले टाकते. मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर या पावलाचे आणखी भाग करतो. आठ भाग निवडले असतील आणि स्क्रू एका फेऱ्यात 5 मिमी सरकत असेल, तर फेऱ्याला 1,600, म्हणजे मिलिमीटरला 320 पल्स लागतात. ड्रायव्हरचे डिप स्विच सोळा भागांवर राहिले, तर 100 मिमीऐवजी 50 मिमीच हालचाल होते. ही चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. याउलट स्क्रू आणि नट यांच्यातील ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, अंतर कितीही असले तरी दिशा बदलताना तेवढीच राहते. हा भेद न ओळखता, 10 मिमीच्या तुकड्यातील 0.06 मिमीची तूट भरून काढण्यासाठी 320 चे 322 करणे ही सर्वांत घातक सवय होय, कारण त्यामुळे 300 मिमीच्या हालचालीत जवळपास दोन मिलिमीटरची नवी चूक निर्माण होते.

पावले हरवण्याचा दोष मात्र वेगळा आणि अधिक उद्बोधक आहे. भार असह्य झाला की रोटर चुंबकीय पकडीतून सुटतो आणि पुन्हा पकडला जातो, तो पूर्ण दात ओलांडूनच. एक दात म्हणजे 7.2 अंश, चार पावले, अर्थात 5 मिमीच्या स्क्रूवर नेमके 0.1 मिमी. म्हणून तूट 0.1 मिमीच्या पटीत आढळली, तर संशय प्रथम प्रवेग आणि वेग यांच्यावर घ्यावा. वेग वाढतो तसा गुंडाळीत पुरेसा प्रवाह भरण्यास अवधी मिळत नाही आणि मोटरचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याची शक्ती, घटतो. अशा वेळी प्रवाह मर्यादेपलीकडे वाढवून मोटर तापवण्यापेक्षा प्रवेग कमी करणे, किंवा ड्रायव्हरला सोसेल इतके पुरवठ्याचे व्होल्टेज वाढवणे, हाच योग्य उपाय आहे. पावलाचे अधिक भाग केल्याने अचूकता वाढते हा समजही तपासून पाहावा: सोळा भागांत प्रत्येक सूक्ष्म पावलाला धारण-टॉर्कच्या जेमतेम दहाव्या भागाचे बळ मिळते, आणि घर्षण त्याहून अधिक असेल तर पहिल्या पल्सने यंत्र हलतच नाही.

चूक अंतराशी नव्हे, तर दिशाबदलांच्या संख्येशी बांधलेली असेल आणि एकाच बाजूला साचत जात असेल, तर दोष संकेतांच्या वेळेत असतो. दिशेचा संकेत पल्सच्या काही मायक्रोसेकंद आधी पोहोचला नाही, किंवा पल्सची कड उलटी निवडली गेली, तर दर वळणावर एखादे सूक्ष्म पाऊल चुकते. एका वळणावर ते जाणवत नाही, पण शेकडो वळणांच्या कोरीवकामात नक्षी स्पष्ट सरकलेली दिसते.

मोटर केवळ गुणगुणत थरथरत असेल, तर बहुधा दोन गुंडाळ्यांच्या तारांची अदलाबदल झालेली असते. वीज बंद करून व मोटर ड्रायव्हरपासून सोडवून मल्टिमीटरने जोड्या ओळखाव्यात. ड्रायव्हरला वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये; गुंडाळीतील प्रवाह अचानक तुटल्याने उसळणारे व्होल्टेज ड्रायव्हर निकामी करू शकते.