गाडीचा अपघात आणि बेदरकारपणाचा गुन्हा : धंदेवाल्यांनी काय ध्यानात ठेवावे?

धंदा म्हटला की गाडी आलीच. बेहरामपाड्यातून शिवलेले कपडे निघतात, धारावीतून चामड्याच्या वस्तू निघतात, बेकरीचा पाव पहाटेच दुकानादुकानांत पोचवावा लागतो. त्यासाठी कुणाचा टेम्पो असतो, कुणाची रिक्षा तर कुणाची मोटारसायकल. पण अपघात झाला की काय करावे, हे आमच्या बहुतेक धंदेवाल्या बांधवांना ठाऊक नसते. "जखमीच्या घरच्यांना पैसे दिले, विषय संपला" अशी समजूत आजही आढळते. ही समजूत महागात पडते.

वांद्र्यातील दोन खटले याबाबत डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे हिल रोडजवळ एका लाँड्रीसमोर पदपथावर झोपलेल्या बेकरी कामगारांच्या अंगावर गाडी गेली. एक कामगार ठार झाला, चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खान याच्यावर खटला भरला गेला. सदोष मनुष्यवधाचे कलम लावावे की केवळ निष्काळजीपणाचे, हा वाद वरच्या कोर्टापर्यंत गेला. ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने, गुन्हा निःसंशय सिद्ध झाला नाही म्हणून, त्याला निर्दोष सोडले. एका अपघाताच्या निकालाला तेरा वर्षे लागली.

दुसरी घटना १२ नोव्हेंबर २००६ ची, कार्टर रोडवरील. पदपथावर झोपलेले सात मजूर ठार झाले, आठ जखमी झाले. चालक तरुण दारू प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने केवळ निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षे केली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एवढेच नव्हे, तर ही शिक्षाही अपुरी आहे, पण सरकारने अपील केले नसल्याने आम्ही ती वाढवत नाही, असे मत नोंदविले.

या दोन्ही खटल्यांत मुख्य प्रश्न एकच होता. चालकाची नुसती हयगय झाली, की आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव असूनही त्याने गाडी हाकली? जुन्या भारतीय दंड संहितेत हयगयीने मृत्यूला कलम ३०४ अ खाली दोन वर्षांपर्यंत, तर जाणीवपूर्वक कृत्याला कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली दहा वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता बेदरकार वाहन चालविण्यास कलम २८१, आणि हयगयीने मृत्यू झाल्यास कलम १०६ (१) लागते. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, मात्र गुन्हा जामीनपात्र आहे. सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागले तर जामीनही सहज मिळत नाही. दारू पिऊन गाडी चालविणे हेच या दोहोंमधील अंतर पुसून टाकू शकते.

मृत्यूचा गुन्हा आपसांत पैसे देऊन मिटत नाही. फिर्याद सरकारची असते. घरच्यांना मदत करणे हे माणुसकीचे काम आहे, ते जरूर करावे. पण त्याने खटला थांबेल असे मानू नये.

अपघात झालाच तर काय करावे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवावे, आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावे. जमावाच्या संतापामुळे तिथे थांबणे अशक्य असेल तर कायदा ते समजून घेतो. पण जवळचे पोलीस ठाणे गाठावेच. विमा कंपनीला लेखी कळवावे. परवाना नसलेल्या मुलाच्या जागी परवानेवाल्या माणसाला पुढे करण्याची युक्ती कधीही करू नये. त्यातून खोट्या पुराव्याचा नवा गुन्हा उभा राहतो. गाडी जप्त झाली तर ती बंधपत्रावर परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो.

मालकांनी हे विसरू नये की, चालक आपल्या कामावर असताना अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावरही येते. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे तो यासाठीच. चालकाचा परवाना त्या जातीच्या गाडीसाठी वैध नसेल, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून चालक ठेवताना परवान्याची मुदत स्वतः पाहावी, आणि विम्याची तारीख दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

आता दुसरी बाजू. आपलाच कारागीर गाडीखाली आला तर? दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. भरपाई कमाईवर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात स्वतंत्र धंदा करणाऱ्या चाळीसच्या आतील माणसाच्या कमाईत भावी वाढ म्हणून ४० टक्के धरावेत असे ठरविले. पण कमाईच कागदावर नसेल तर चाळीस टक्के कशाचे? मजुरीची नोंदवही, बँकेतील जमा आणि कराचे विवरणपत्र हीच मयताच्या बायकामुलांची खरी साक्ष असते.

आणखी एक गोष्ट आम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. वांद्र्याच्या दोन्ही अपघातांत मेले ते दिवसभर राबून पदपथावर झोपलेले श्रमिक. चालकाचा दोष कोर्ट ठरवील. पण आपल्या कारखान्यात, बेकरीत राबणारा माणूस रात्री कुठे पाठ टेकतो, हे पाहणे मालकाच्या हातात आहे. पोटमाळ्यावर का होईना, चार भिंतींच्या आत त्याला जागा द्या. त्याला खर्च फार नाही.