एमएच-२० ची जुनी चाकं

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये एमएच-२० क्रमांकाच्या छत्रपती संभाजीनगराने एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभर बातमी झाली. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे तो ताफाही आता फेरनोंदणीच्या वयाचा झाला. गाडी घेतल्याची बातमी होते, सांभाळल्याची होत नाही. आणि खरं कसब तर सांभाळण्यातच आहे.

या शहरात एका अंगणात पद्मिनी, मारुती ८०० आणि पहिली ऑक्टाव्हिया ठेवायची, तर तीन वेगळ्या स्वभावांशी जुळवून घ्यावं लागतं. मारुतीचा त्रास कमी. तिचं काम कोणताही मिस्त्री करतो. ऑक्टाव्हिया इथलीच. २००१ पासून शेंद्र्याच्या कारखान्यात तिची जुळणी होऊ लागली. तिचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन दणकट, पण टायमिंग बेल्टची मुदत चुकवून चालत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळं इंजिन खोलावं लागतं.

पद्मिनीला मात्र हात लावावा लागतो.

महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं. मिस्त्री आधी स्टार्टर मारत नाही. बॉनेट उघडून पेट्रोल पंपाची छोटी दांडी बोटाने वरखाली करतो, पेट्रोल वर आणतो, मग चोक ओढतो. इंजिन मिसिंग करत असेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासतो आणि फटीत फीलर गेजची पाती सरकवतो. पाती अडता अडता सुटली पाहिजे. शेवटी इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवतो, आवाज एकसारखा झाला की बोल्ट आवळतो. हे काम कानाचं आहे. तो कान असलेले मिस्त्री कमी होत चाललेत. त्यांच्या हाताखाली तरुण पोरं तयार व्हायलाच हवीत.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. जुन्या पंपातला रबरी पडदा आणि होज पाइप या इंधनासाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, भेगाळतात. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीला आतून गंज धरतो. त्यात मराठवाड्याचा चाळीस अंशांपलीकडचा मे महिना, आणि उभ्या गाडीची वायरिंग कुरतडणारे उंदीर. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक गाडी रस्त्यावर काढायची. दौलताबादचा घाट त्यासाठी उत्तम: पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर खाली ओढायचा, एक डोळा तापमानाच्या काट्यावर ठेवायचा आणि खुलताबादवरून वेरूळ गाठायचं. याच रस्त्यावर ऑक्टाव्हिया कमी आरपीएमलाही सहज ओढते. तोच चढ दोन गाड्यांनी चढला की फरक अंगाला कळतो, आणि अनेक गाड्या बाळगण्याची खरी मजा हीच.

कागदांचं कामही तितकंच महत्त्वाचं. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. १ एप्रिल २०२२ ला मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक घेता येतो, पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. ज्यांना गाडी चालवायची आहे, त्यांनी या क्रमांकाच्या मोहात पडू नये. आणि जुनी गाडी बघायला जाल, तेव्हा रंगाआधी चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा.